हलगी, तारपा आणि रॅप : नव्या सुरांकडे पाहताना

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू असताना वसतिगृहातील नववीचे तीन विद्यार्थी आमच्याकडे आले. त्यांना रॅप सादर करावयाचा होता आणि साथीला हलगी हवी होती. त्यांपैकी एकाने सुट्टीत गावाहून आजोबांची हलगी सोबत आणली होती. आम्ही नकार दिला. रॅप आम्हांस उथळ वाटत होता आणि हलगीविषयी आमचे मत ठामच होते. "जे वाजवणे आपल्या वाडवडिलांनी स्वाभिमानाने सोडले, ते तू पुन्हा हाती घेतोस?" असे आम्ही त्या मुलास विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, आजोबांना वाजवायला लावायचे. मला कोणी लावत नाही." त्या वर्षी संमेलनात समूहगीत झाले. हलगी खाटेखालीच राहिली.

आमचा नकार निराधार होता, असे आजही आम्ही म्हणणार नाही. गावगाड्यात दवंडी देणे, मिरवणुकीपुढे आणि अंत्ययात्रेपुढे वाजवणे ही कामे जातीने वाटून दिलेली होती. वाजवणाऱ्याच्या बोटांतील कौशल्याला टाळी मिळे, पण त्याच्या सावलीचा विटाळ होई. बाबासाहेबांनी गावकीची हीन कामे सोडण्याचा आग्रह धरला, १९५६च्या धम्मदीक्षेने त्या निर्धाराला नैतिक बळ दिले आणि १९५८च्या कायद्याने महार वतने संपुष्टात आणली. या प्रवासात अनेक घरांतील वाद्ये खुंटीवरून उतरली ती कायमचीच. तो त्याग होता. त्याची थट्टा कोणी करू नये.

परंतु आपल्या समाजाने वाद्य सोडले म्हणजे संगीत सोडले, असे झाले नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला. ढोलकी तीच, तमाशाचा बाज तोच. मात्र विनोदाचा रोख अस्पृश्यतेवर, सावकारीवर आणि अंधश्रद्धेवर वळला. सिन्नरजवळच्या देशवंडी गावातून मुंबईत आलेले वामनदादा कर्डक येथे मोठेपणी अक्षर शिकले आणि त्यांनी हजारो गीते लिहिली. नायगावात १९३१ साली जन्मलेले विठ्ठल उमप कोळीगीत, कव्वाली, 'जांभूळ आख्यान' आणि भीमगीत यांत सारख्याच सहजतेने वावरले आणि २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. परळचा दामोदर हॉल, नायगाव-शिवडीच्या बीडीडी चाळी, लालबागचे गिरणी कामगार यांना वगळून मराठी लोकसंगीताचा इतिहास लिहिता येणार नाही.

या मंडळींनी 'शुद्ध परंपरा' कधी जपली नव्हती. आपण अस्सल देशी मानतो ती पेटी मूळची युरोपातील. लालबाग-परळच्या मिरवणुकांत ज्याला आपण बेंजो म्हणतो, ते वाद्य जपानच्या नागोया शहरात १९१२च्या सुमारास तयार झालेल्या ताइशोगोतोचे भावंड आहे. गिरणगावातील पोरांनी त्याला विजेची जोड दिली, कच्छी बाजा आणि ताशा सोबत घेतला आणि ते या वस्तीचे केले. कव्वालीचा ठेका भीमगीतांत आला, तेव्हाही कोणी नाक मुरडले असेलच. गीते टिकली, नाके विसरली गेली.

आज हेच काम नवी मुले करीत आहेत. आरेच्या जंगलात मेट्रो कारशेडचा वाद पेटला, त्या काळात मुंबईतील 'स्वदेसी' या हिप-हॉप गटाने केलटीपाड्याचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गीत केले. इतिहासाच्या शिक्षकास या नावात १९४५चा वारल्यांचा उठाव आणि गोदावरी परुळेकर आठवल्यावाचून राहत नाहीत. ऑक्टोबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. गाण्याने झाडे वाचली नाहीत. पण या शहराच्या पोटात आदिवासी पाडे आहेत, हे दादर-गिरगावच्या कित्येक तरुणांना प्रथम त्या गाण्याने सांगितले.

हे केवळ मुंबईत घडते असेही नाही. औरंगाबादच्या कडूबाई खरात यांनी हाती एकतारी घेतली, मोबाइलवरील चित्रफितींनी तो आवाज घरोघरी नेला. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८च्या जानेवारीत उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील गाना गायकी, रॉक आणि रॅप यांची सांगड घालून जातिव्यवस्थेला जाहीर प्रश्न विचारले. कॅनडातील वोलास्तोकी या आदिवासी समाजाचे जेरेमी डचर यांनी शंभर वर्षांपूर्वी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित झालेली पूर्वजांची गाणी संग्रहालयातून शोधली आणि पियानोसह नव्याने गायिली. त्या संग्रहास २०१८चा तेथील मानाचा पोलारिस पुरस्कार मिळाला.

मग सारेच नवे डोक्यावर घ्यावे काय? आमचे तसे म्हणणे नाही. जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे ध्वनिक्षेपक लावून छातीत धडकी भरवणारा जो गोंगाट होतो, त्यात गीताचा शब्दच ऐकू येत नाही. ज्या चळवळीने शब्दावर विश्वास ठेवला, तिच्या उत्सवात शब्द चिरडला जावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. दुसरे असे की, पाड्यावरच्या तारपावादकाची धून संगणकात भरून घ्यायची आणि त्याचे नाव व मानधन मात्र विसरायचे, हीही वेठबिगारीच होय. वाद्य नवे की जुने, हा प्रश्न आम्हांस आता दुय्यम वाटतो. वाजवणाऱ्याने ते स्वतः निवडले काय, त्याचे नाव लागले काय, त्याच्या गाण्याचा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला काय, या तीन कसोट्या आम्ही लावू. त्या विद्यार्थ्याने आपल्या एका वाक्यात पहिली कसोटी आम्हांस सांगितली होती. शिक्षक असूनही ती आमच्या ध्यानी उशिरा आली.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे एक मागणे आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. चाळींच्या ज्या पटांगणांत रात्र-रात्र गायन पार्ट्यांचे सामने रंगत, ती पटांगणे नाहीशी होत आहेत. तेथे गायिलेली किती तरी गीते वह्यांत आणि वृद्धांच्या कंठांतच उरली आहेत. डचर यांना निदान मेणाची नळकांडी सापडली. आपल्या नातवंडांना काय सापडेल? आपल्या घरातील आजोबा-आजी गात असतील, तर त्यांचे गाणे आजच मोबाइलवर मुद्रित करावे. गीतकाराचे नाव, चाल, साल यांची नोंद करावी आणि त्याची एक प्रत शाळेस द्यावी. शाळेनेही ग्रंथालयाशेजारी एक लहानशी संगीत खोली करावी. तेथे पेटी-ढोलकी असावी, हलगी आणि तारपा असावा, ध्वनिमुद्रणापुरता एक संगणक असावा. मुले पुढचे काय ते पाहतील.

तो विद्यार्थी आता कमावता झाला आहे. मागे चैत्यभूमीवर भेटला, तेव्हा "जयभीम, सर" म्हणून थांबला. आम्ही हलगीविषयी विचारले. "घरी आहे, सर. कातडे नवे बसवून घेतले," तो म्हणाला. येत्या स्नेहसंमेलनास त्याने ती घेऊन यावे, असे निमंत्रण आम्ही त्यास दिले आहे. त्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत बसणार आहोत.