कोयनेची वीज 'ग्रीन' आहे का? जुनी धरणं मोजल्याने राज्यांचं टार्गेट कसं सोपं होतं, समजून घ्या

कोळसा जळत नाही, धूर निघत नाही आणि पाऊस पडला की धरण पुन्हा भरतं. मग धरणाची वीज 'ग्रीन'च की! शाळेच्या पुस्तकात उत्तर एवढं सोपं आहे. पण केंद्र सरकारच्या कागदावर २०१९ पर्यंत ते तसं नव्हतं. जलविद्युत प्रकल्प २५ मेगावॅटपर्यंतचा असेल तर ती अक्षय ऊर्जा, त्याहून मोठा असेल तर नाही. म्हणजे १,९६० मेगावॅटचं आपलं कोयना या यादीच्या बाहेर होतं.

२०१९ मध्ये व्याख्या बदलली आणि २०२३ मध्ये मोजणीचे नियमही बदलले. हा फक्त नावाचा खेळ नाही. कोणती वीज मोजायची, यावर राज्यांना नवी सौर आणि पवन वीज किती घ्यावी लागेल, हे ठरतं.

हे टार्गेट नेमकं कोणाला असतं?

वीज कायदा २००३ च्या कलम ८६(१)(ई) नुसार राज्याचा वीज नियामक आयोग वितरण कंपन्यांना सांगतो की, तुमच्या एकूण विजेतला अमुक टक्के वाटा अक्षय ऊर्जेचा हवा. यालाच 'आरपीओ' म्हणतात, म्हणजे अक्षय ऊर्जा खरेदीचं बंधन. महाराष्ट्रात हे काम राज्य वीज नियामक आयोग करतो, आणि बंधन महावितरणसारख्या कंपन्यांवर असतं. मोठे उद्योग स्वतःची वीज बनवत असतील किंवा थेट बाहेरून घेत असतील, तर तेही यात येतात.

टार्गेट पूर्ण झालं नाही तर कंपनीला बाजारातून अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं विकत घेता येतात. एक प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिट ग्रीन वीज. विजेची खरेदी असो की प्रमाणपत्रांची, खर्चाचा भार फिरून ग्राहकाच्या बिलाकडेच येतो. त्यामुळे 'काय मोजायचं' हा प्रश्न तुमच्या-आमच्या खिशाशी जोडलेला आहे.

२५ मेगावॅटची रेषा आली कुठून?

ही रेषा मुळात खात्यांच्या वाटणीची. २५ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे, त्यापुढचे ऊर्जा मंत्रालयाकडे. म्हणूनच २०२२ पर्यंत १७५ गिगावॅट अक्षय ऊर्जेचं जे गाजलेलं टार्गेट होतं, त्यात सौर १००, पवन ६०, जैव ऊर्जा १० आणि छोटे जलविद्युत प्रकल्प ५ गिगावॅट होते. मोठी धरणं त्यात नव्हतीच.

छोटं म्हणजे नदीला निरुपद्रवी, असा समजही या रेषेमागे आहे. २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या नियमांनुसार २५ मेगावॅटच्या खालच्या जलविद्युत प्रकल्पांना ही मंजुरी घ्यावीच लागत नाही. पण ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडच्या चमोलीत खडक आणि बर्फाचा कडा कोसळून पूर आला, तेव्हा १३.२ मेगावॅटचा ऋषिगंगा प्रकल्प वाहून गेला आणि खालच्या ५२० मेगावॅटच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाचीही वाताहत झाली. २०० हून अधिक लोक मृत किंवा बेपत्ता झाले. तो पूर प्रकल्पांनी आणला नव्हता. पण पुराने छोटा-मोठा असा भेदही केला नाही. प्रकल्प कुठे आहे, हे त्याच्या मेगावॅटइतकंच महत्त्वाचं असतं.

२०१९ मध्ये काय झालं?

७ मार्च २०१९ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला. सरकारचं म्हणणं असं होतं की, देशाची जलविद्युत क्षमता सुमारे १ लाख ४५ हजार मेगावॅट आहे, पण वापरली जाते ती जेमतेम ४५ हजार. १९६० च्या दशकात देशाच्या वीजक्षमतेत जलविद्युतचा वाटा निम्मा होता, तो १३ टक्क्यांवर आला.

पण या निर्णयात एक मेख होती. आरपीओच्या आत जलविद्युतसाठी वेगळा कोटा ठेवला गेला, 'एचपीओ', आणि त्यात फक्त ८ मार्च २०१९ नंतर सुरू झालेले प्रकल्प धरायचे होते. म्हणजे कोयना कागदावर 'अक्षय' झालं, पण या कोट्यात त्याचा उपयोग नव्हता. हेतू सरळ होता. जुन्या धरणांना गुण देऊन काही मिळणार नव्हतं, नवे प्रकल्प उभे राहायला हवे होते. पर्यावरण आणि वन मंजुरीच्या सवलतीही मोठ्या प्रकल्पांना आपोआप मिळाल्या नाहीत.

२०२३ चा मोठा बदल

२० ऑक्टोबर २०२३ ला केंद्राने ऊर्जा संवर्धन कायद्याखाली नवी अधिसूचना काढली. त्यानुसार अक्षय ऊर्जेचा वाटा २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर न्यायचा आहे. त्याचे चार भाग केले:

- पवन: ३.४८ टक्के
- जल: १.३३ टक्के
- छतावरच्या सोलरसारखी विखुरलेली अक्षय ऊर्जा: ४.५ टक्के
- इतर: ३४.०२ टक्के

'जल' या भागात ३१ मार्च २०२४ नंतर सुरू झालेले प्रकल्पच धरायचे. मग त्याआधीच्या धरणांचं काय? ती गेली 'इतर'मध्ये. हाच सगळ्यात मोठा डबा आहे. म्हणजे दशकानुदशकं चाललेली धरणंही आता टार्गेटच्या हिशेबात बसली.

आणखी एक गोष्ट. २०२२ च्या आदेशात २०२९-३० साठी नव्या जलविद्युतचा वाटा २.८२ टक्के होता. वर्षभरात तो १.३३ वर आला, एकूण टार्गेट मात्र तेवढंच राहिलं. नवी धरणं वेळेत उभी राहत नाहीत, याचा अंदाज यातून येतो. अरुणाचल-आसाम सीमेवरच्या २,००० मेगावॅटच्या लोअर सुबनसिरी प्रकल्पाचं काम २००५ मध्ये सुरू झालं आणि विरोधामुळे २०११ ते २०१९ ठप्प राहिलं.

मग अडचण काय आहे?

एक साधा हिशेब करू. समजा, एखादी वितरण कंपनी १,००० युनिट वीज विकते. तिला त्यातली ४३३ युनिट अक्षय दाखवायची आहेत. जुन्या धरणांकडून तिला आधीपासून ५० युनिट मिळत असतील आणि ती मोजली गेली, तर बाकी राहिली ३८३. या ५० युनिटसाठी नवं पॅनल लागलं नाही, नवी पवनचक्की उभी राहिली नाही आणि कोळशाचा एक डबाही कमी जळला नाही. बदलला तो फक्त रकाना.

हेच देशाच्या आकड्यांतही दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताची अक्षय ऊर्जा क्षमता २०० गिगावॅटच्या पुढे गेली. त्यात सुमारे ४७ गिगावॅट मोठी जलविद्युत होती. ती वगळली तर आकडा १५६ च्या आसपास येतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या राज्याची बहुतेक वीज नदीतूनच येते, त्याने स्वतःची स्वच्छ वीज बाजूला ठेवून टार्गेटसाठी बाहेरून सौर वीज का घ्यावी? त्याचा बोजा तिथल्या ग्राहकाने का उचलावा? हा डोंगराळ राज्यांचा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही.

शिवाय धरणाची वीज हवी तेव्हा मिळते. सूर्य मावळला की सौर वीज शून्यावर येते आणि नेमकी तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. कोयनेची जनित्रं काही मिनिटांत सुरू करता येतात. जितका सोलर वाढेल, तितकी या संध्याकाळच्या विजेची किंमत वाढेल.

अमेरिकेतल्या राज्यांनी काय केलं?

तिथे हा वाद जुना आहे. वॉशिंग्टन राज्यात निम्म्याहून जास्त वीज धरणांतून येते. तरी २००६ च्या सार्वमताने झालेल्या कायद्यात जुनी जलविद्युत मोजली नाही. जुन्या धरणात सुधारणा करून जी जादा वीज मिळेल, तेवढीच धरली. कॅलिफोर्नियात साधारणपणे ३० मेगावॅटपर्यंतचेच प्रकल्प अक्षय टार्गेटमध्ये बसतात.

पण पुढे दोन्ही राज्यांनी वेगळी वाट काढली. २०४५ पर्यंत १०० टक्के कार्बनमुक्त वीज हे टार्गेट कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये आणि वॉशिंग्टनने २०१९ मध्ये ठरवलं. त्यात मोठी धरणं चालतात. 'नवं किती उभारलं' आणि 'एकूण वीज किती स्वच्छ आहे' हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले.

महाराष्ट्रासाठी पुढचा पेच: पंप्ड स्टोरेज

केंद्राच्या व्याख्येत पंप्ड स्टोरेजही 'जल'मध्ये आहे. यात वीज स्वस्त असताना पाणी वरच्या तलावात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज बनवतात. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प असाच आहे. टाटा पॉवरने २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरवटा इथे १,८०० आणि रायगडमध्ये भिवपुरी इथे १,००० मेगावॅटसाठी राज्य सरकारशी करार केला.

पण हे प्रकल्प वीज तयार करण्यापेक्षा साठवतात. १०० युनिट खर्च केली की साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. पाणी कोळशाच्या विजेवर चढवलं असेल, तर खाली येणारी वीज ग्रीन कशी म्हणायची?

नदी आणि माणसं कुठल्या रकान्यात?

टक्केवारीत न दिसणारा खर्चही आहे. कोयना धरणग्रस्तांचं पुनर्वसन सहा दशकांनंतरही आंदोलनाचा विषय आहे. पाऊस कमी झाला की कोयनेचं पाणी विजेला द्यायचं की टेंभू-ताकारीसारख्या सिंचन योजनांना, हा वाद पेटतो. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये हिमतलाव फुटून आलेल्या पुरात १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरणच वाहून गेलं. नवी क्षमता बहुतेक हिमालयातच शिल्लक आहे, त्यामुळे हा धोका हिशेबात धरावाच लागेल.

थोडक्यात काय?

धरणाची वीज कोळशापेक्षा स्वच्छ आहे, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो जुन्या धरणांचे गुण नव्या कामाच्या टार्गेटमध्ये धरण्यावर. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या राज्याने 'अक्षय ऊर्जेचं टार्गेट पूर्ण' असं जाहीर केलं, तर तीन आकडे शोधा: त्यात जुन्या धरणांची वीज किती, त्या वर्षात नवी क्षमता किती आली आणि कोळशाची वीज खरंच किती कमी झाली. तिसरा आकडा हलला नसेल, तर टार्गेट कागदावरच पूर्ण झालंय.