गाडी खोलायच्या आधी पार्ट घरात पाहिजेत

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण विषय शेवटी मालाचाच आहे.

आमच्या जुन्या पिकअपची बहुतेक कामं मी आणि धाकटा भाऊ अंगणातच करतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक शू, सगळं घरी. चार पैसे वाचतात आणि गाडी कळते. गेल्या सीझनला क्लच प्लेट गेली. म्हणजे अचानक नाही गेली. आषाढातच चढावर रेस वाढायची पण गाडी ओढायची नाही. मी म्हटलं, चालतंय तोवर चालवू.

ऐन टोमॅटोच्या तोड्यात तिने मान टाकली. दोन दिवसांचं काम म्हणून गिअरबॉक्स उतरवला. ऑनलाइन मागवलेली प्लेट आली, तर मधले दात बसले पण गोलाई मोठी. मॉडेलचं नाव तेच, इंजिन वेगळं. ती परत, दुसरी मागवली. तेवढ्यात लक्षात आलं की रिलीज बेअरिंग आवाज करतंय आणि क्रँकच्या मागचं ऑइल सील पाझरतंय. सील दोनशेच्या आतलं, पण तालुक्याला मिळेना. दोन दिवसांचे सहा दिवस झाले.

आमचा तोडा दिवसाआड, साठेक क्रेट निघतात. एक खेप शेजाऱ्यांच्या टेम्पोने पिंपळगावला गेली. पुढच्या खेपेला टेम्पो मिळाला नाही, सगळ्यांचेच तोडे चालू. माल शेडमध्ये लालभडक झाला. लांबच्या बाजाराला जाणारा व्यापारी असा माल घेत नाही. घेतला तर भाव तो म्हणेल तो.

त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, नर्सरीत रोपं महिनाभर आधी बुक करता, मग गाडीचंच का लागेल तसं आणू म्हणता?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. मृगाआधी खत घरात आणून टाकणारे आपण, गाडीच्या बाबतीत मात्र तहान लागल्यावर विहीर खणायला घेतो. माझं आता ठाम मत झालंय. घरी काम करायचं असेल तर पहिला पाना उचलायच्या आधी वही उचला.

वहीत तीन रकाने करा.

पहिला, नक्की लागणारं. क्लचचं काम असेल तर प्लेट आणि प्रेशर प्लेट.

दुसरा, खोलल्यावर लागू शकणारं. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, मागचं ऑइल सील. गिअरबॉक्स एकदा उतरवला की हे बदलायला वेगळी मजुरी नाही. सहा महिन्यांनी सील गेलं तर सगळी उतराउतर पुन्हा. टायमिंग बेल्टवाल्या गाडीतही तसंच, बेल्टबरोबर टेन्शनरची चौकशी आधीच करून ठेवावी.

तिसरा, एकदाच वापरायचं. गॅस्केट, तांब्याचे वॉशर, लॉक पिना. किंमत किरकोळ, पण यांच्यावाचूनच गाडी अडते.

मागवताना नुसतं मॉडेल आणि साल सांगू नका. एकाच सालात कंपनी पार्ट बदलते. आरसीवरचा चेसिस नंबर द्या, अलीकडच्या गाड्यांना तो 17 अक्षर-आकड्यांचा असतो. जुन्या पार्टवर नंबर दिसत असेल तर त्याचा फोटो काढून पाठवा. दुसऱ्या रकान्यातलं नाही लागलं तर परत घेणार का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. बरेच दुकानदार घेतात, पण पाकीट फोडलेलं नसलं तरच.

आणि खोकं आलं की त्याच दिवशी उघडा. आतल्या पाकिटावरचा नंबर वहीशी ताडून बघा, पाकीट न फोडता. आपण काय करतो? खोकं कपाटावर टाकतो, काम काढतो पंधरा दिवसांनी, तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

काही जण म्हणतील, एवढे पैसे आधीच अडकवून ठेवायचे का? बरोबर आहे, मी दुकान भरायला सांगत नाही. एअर फिल्टर, फ्यूज, बल्ब, फॅन बेल्ट एवढं घरात असावं. बाकीचं कामाच्या दोन आठवडे आधी मागवावं. काही गोष्टी तर साठवूच नयेत. फोडलेल्या डब्यातलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, बॅटरी पडून पडून उतरते, रबर कडक होतं.

मुख्य म्हणजे कामाची वेळ आपण ठरवायची, गाडीने नाही. क्लच घसरायला लागला, ब्रेक कुरकुरायला लागला, की तारीख लिहून ठेवायची आणि तोडा सुरू व्हायच्या आत काम उरकायचं. आमचे सहा दिवस क्लचने खाल्ले नाहीत, माझ्या "बघू पुढे"ने खाल्ले.

यंदा रोपं शेतात गेली त्याच आठवड्यात आम्ही गाडीखाली शिरलो. वही उघडी, पार्ट ओट्यावर मांडलेले. पुढचे ब्रेक आणि एका चाकाचं बेअरिंग, एका दिवसात उरकलं. संध्याकाळी चहा पिऊन शेतात चक्करही झाली.

तुमच्या गाडीतून सध्या कसला आवाज येतोय? पार्ट मागवलाय का अजून "चालतंय तोवर"च? खाली सांगा.