वजन उतरलं, हाडांचं काय?

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो झळकतात. हाडं अर्थातच दोन्हींत दिसत नाहीत.

यातल्या गॅस्ट्रिक बायपास या शस्त्रक्रियेनंतर अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात टाळून पुढे सरकतं. कॅल्शियम सर्वांत चांगलं शोषलं जातं ते नेमकं आतड्याच्या या सुरुवातीच्या भागातच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ड जीवनसत्त्व पुरेसं असूनही हे शोषण सहा महिन्यांत सुमारे ३३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर घसरलं. मग रक्तातली पातळी राखायला शरीर हाडांतून उचल घेतं. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात, जठराला पट्टा बसवलेल्यांपेक्षा बायपासवाल्यांत हाड मोडण्याचा धोका ७३ टक्के जास्त आढळला.

म्हणून शस्त्रक्रियाच नको? तसं मुळीच नाही. मधुमेह आटोक्यात आणण्यात तिचा फायदा मोठा आहे.

पण ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळणाऱ्या आपल्या समाजात हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी ‘पॅकेज’मध्येच हवी. कॅल्शियम सायट्रेट, पुरेशी प्रथिनं, स्नायूंना ताण देणारा व्यायाम हे सारं डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिहिलेलं असावं, आणि तेही पहिल्या वर्षापुरतं नव्हे, जन्मभरासाठी.