मॅटखालची ओल

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीत बसलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. अम्मीने कापराच्या वड्या ठेवून पाहिल्या, मी अत्तराची बाटली टांगली. कापूर आणि ओलं गोणपाट मिळून जो वास तयार झाला, त्याबद्दल न बोललेलं बरं. सकाळी काचा आतून धुरकट झालेल्या असायच्या. तरी आम्ही म्हणत होतो, कोकणातला पाऊस आहे, एवढं चालायचंच.

मग एका जुम्म्याला मशिदीपाशी उतरताना अब्बांच्या पायजम्याची कड ओली निघाली. बाहेर ऊन पडलं होतं. अब्बांनी वाकून मॅट दाबली तर बोटांवर काळपट पाणी आलं. त्या दिवशी ते पायजमा बदलायला घरी परत आले आणि मला म्हणाले, "आधी हे पाणी कुठून येतं ते शोध."

मी घाई केली. एका गॅरेजवाल्याने पुढच्या काचेभोवती सिलिकॉन फिरवून आठशे रुपये घेतले. चार दिवसांनी पाणी पुन्हा हजर. गळती कुठे आहे हे न बघताच आम्ही बूच मारलं होतं.

शोधायची रीत सोपी आहे, धीर मात्र हवा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची, एका जागी पाच मिनिटं, मग हळूहळू वर. आधीच टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. माझा धाकटा भाऊ आत बसला होता. पाणी वायपरजवळ पोहोचलं आणि तो ओरडलाच. वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या खाली पाणी वाहून जायला वाट ठेवलेली असते. आमची गाडी आंब्याखाली उभी राहते. वर्षानुवर्षांची पानं कुजून तिथे चिखल झाला होता. पाणी तुंबायचं, चढायचं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत उतरायचं. मूठभर चिखल काढला आणि पुढची गळती बंद.

मागच्या डाव्या दाराची कथा वेगळी होती. दाराच्या आत पाणी जातंच, काचेच्या फटीतून. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते, आणि आतल्या कव्हरमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, म्हणजे पाणी आत येत नाही. आमच्याकडे स्पीकर बसवताना तो कागद फाडला होता. दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर खालची भोकं बंद झाली आहेत, तारेने मोकळी करा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डाही बघा.

प्रत्येक ओल पावसाचीच असते असं नाही. भर उन्हाळ्यात एसी लावल्यावर ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी पाणी येत असेल तर एसीची नळी तुंबली आहे. पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे. तेव्हा मेकॅनिकला गाठा, इंजिन तापण्याची वाट बघू नका.

सीट काढून मॅट उचलली तेव्हा खरी गोष्ट कळली. (नव्या गाड्यांत सीटखाली पिवळी वायर दिसली तर हात लावू नका, ती एअरबॅगची असते.) मॅटखालचा जाड नमदा स्पंजासारखा पाणी धरून बसतो. वरून सगळं कोरडं दिसत असतं. आम्ही तो ओसरीवर टेबलफॅनखाली तीन दिवस वाळवला. खालचा पत्रा बऱ्याच ठिकाणी नुसता लालसर होता. तो तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, प्रायमर आणि रंग दिला. पण डाव्या दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला. जॅक लावायची जागा तिथेच होती.

इथे पुट्टीचं काम नाही. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. जॅकची जागा, सीटबेल्ट अडकवलेली जागा, चाकांचा भार घेणारे भाग, यांवर पुट्टी किंवा फायबर लावणं म्हणजे मुलांना कागदाच्या आधारावर बसवणं. गंजावर डांबरी अंडरकोटिंग मारलं तरी आत गंज चालूच राहतो, फक्त दिसत नाही. गाडी घेताना लोहचुंबक सोबत ठेवा. जिथे पत्र्यावर तो चिकटत नाही तिथे पुट्टी जाड आहे. आणि 15 वर्षांनंतर नोंदणी वाढवायची असेल तर फी भरण्याआधी मॅट उचला.

अब्बांना आता रात्री नीट दिसत नाही, म्हणून आम्ही गाडी विकायला काढली होती. पलीकडच्या मोहल्ल्यातले एक शिक्षक घ्यायला तयार होते, मुलांना शाळेत सोडायला. एका नातेवाइकाने सल्ला दिला, नवी मॅट टाका, वरून छान दिसेल. खोटं सांगत नाही, मला तो पटला होता. वेल्डिंगचा अंदाज अकरा हजारांचा होता.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. बाजारात पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्याला विचारलं गेलं. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे, लहानपणापासून ऐकलेली. पण समोर ओली मॅट पडलेली असताना ती वेगळीच ऐकू आली.

शिक्षक आले तेव्हा अब्बांनी स्वतः मॅट उचलली आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. ते त्या दिवशी काही न बोलता गेले. आठवड्याने परत आले. किंमत बारा हजारांनी कमी केली आणि वेल्डिंग त्यांच्या ओळखीच्या डेंटरकडे, त्यांच्या समोर करून घेतलं.

आता जुम्म्याला मशिदीत ते भेटले की सलामानंतर अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मास्तर, जाळीखालची पानं काढलीत का?"