केन्ना पावतलो?



गेल्या पावसाळ्यात परिचयातील दोन तरुण खानापूरच्या रानात धबधबा पाहावयास गेले, ते सांजावले तरी परतले नाहीत. दोघांपाशी मोबाइल होते. पण दोन्ही मुके! कोणत्या वाटेने गेले, हे घरी कोणासच ठाऊक नव्हते. मग शोधावे तरी कोठे? मध्यरात्री ते सुखरूप आले. परंतु त्यांच्या मातांनी ते प्रहर कसे काढले असतील!

दोष यंत्राचा नव्हे. डोंगर आडवा आला की मनोऱ्याच्या लहरी यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत, आणि मनोरा शोधता शोधता बॅटरीही लवकर संपते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक कोणत्याही कंपनीच्या मनोऱ्यावरून लागू शकतो. पण एकही मनोरा आवाक्यात नसेल, तर तोही निरुपयोगी.

गोव्यात माझ्या आजोळी, घाट चढून बेळगावास निघालेल्या माणसाला आजी उंबऱ्यावरच विचारी, "केन्ना पावतलो?" केव्हा पोहोचशील? माझ्या मते खरा संपर्क तो हाच. रानात जाण्यापूर्वी वाट, सोबती व परतण्याची वेळ कागदावर लिहून घरी ठेवावी. जवळ पाणी, विजेरी व शिट्टी असावी. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट विराम, ही संकटाची खूण जगभरचे गिर्यारोहक ओळखतात.

कोणी याला भित्रेपणा म्हणेल. म्हणो बापडा! ज्याची कोणी वाट पाहणार आहे, त्याने आपली वाट सांगून जावे, एवढेच मागणे आहे.