थांबलेल्या मैयेचा प्राणवायू

माघ शुद्ध सप्तमी ही नर्मदामातेची जयंती. दक्षिण तटाने निघालेले कित्येक परिक्रमावासी धडगाव, मोलगीमार्गे गुजरातेची वाट धरतात. मोलगीच्या उत्तरेस, डोंगररांगांपलीकडे मैया आहे. परंतु एके काळी खडकांवर आपटत, फेसाळत जाणारा तिचा ओघ तेथे आता स्थिरावला आहे. पूर्ण उंचीच्या सरदार सरोवर धरणाचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर त्याच्या कितीतरी आधीच जलाशयाखाली गेले होते.

पाणी थांबल्याने त्याचे पावित्र्य का उणावेल, असे भाविक विचारील. पावित्र्य उणावत नाही, प्राणवायू उणावतो. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर २५ अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. एवढ्याशा शिदोरीवर मासे जगतात आणि घाण पचविणारे सूक्ष्मजीवही. धडगाव तालुक्यात बिलगावच्या धबधब्याखाली दिसणारा पांढरा फेस म्हणजे पाण्यात घुसळली गेलेली हवाच होय. वाहती नदी अशी आपली शिदोरी जागोजागी भरून घेते. संथ जलाशयाला मात्र पृष्ठभागावरचा वारा आणि पाण्यातील वनस्पती यांवरच भागवावे लागते, आणि खोल तळाशी ते फारसे पोहोचत नाही.

अशा पाण्यात निर्माल्य सोडले की ते कुजविताना सूक्ष्मजीव तोच प्राणवायू खर्चतात. स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडील शासकीय निकष आहे. शहरांतील तलावांत कारंजी व हवेचे पंप बसवितात ते ही तूट भरून काढण्यासाठी. उपाय चांगला, पण एका हाताने निर्माल्य लोटायचे आणि दुसऱ्या हाताने विजेवर हवा कोंबायची, ही कसली सेवा? शिवाय मैलोगणती पसरलेल्या जलाशयाला पंप पुरे पडणार तरी कसे?

पूर्वजांना प्राणवायूचे मोजमाप ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर वाहती नदी होती आणि त्यांची ओंजळभर फुले ती सहज पचवीत असे. आज नदीची अवस्था पालटली आहे, तेव्हा अर्पणाची रीतही पालटावयास हवी. या सप्तमीला मैयेची आरती अवश्य करावी, चुनरी अर्पावयाची तर ती काठावरच पूजून एखाद्या गरजू भगिनीला द्यावी, आणि फुले परत आणून तुळशीच्या मातीत मिसळावीत.