क्रियापद अडते तेव्हा

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मेंदूच्या रोगावर लिहावे, हे जरा अगोचरपणाचेच. पण एका रोगाची वाट थेट आमच्या व्याकरणाच्या तासावरून जाते. तेव्हा फराळाच्या ताटात हा एक कडू पदार्थ वाढतो आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

रोगाचे नाव मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम पोचविणाऱ्या मज्जापेशी यात झिजत जातात. हातातली कपबशी निसटते, जीभ जड होते, घास उतरत नाही. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली हा रोग असल्याचे कळले आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. मधली पंचावन्न वर्षे त्यांनी विश्वाची कोडी सोडविण्यात घालविली. त्यामुळे ‘शरीर खिळते, बुद्धी मात्र शाबूत राहते’ असा आपला समज दृढ झाला.

पुष्कळांच्या बाबतीत तो खराही आहे. पण सर्वांच्या नव्हे. सुमारे निम्म्या रोग्यांच्या विचारांत किंवा वागण्यात थोडाबहुत फरक पडतो. शंभरांतल्या १०-१५ जणांना तर कपाळामागचा आणि कानशिलांमागचा मेंदू झिजून बुद्धिभ्रंश होतो. टीडीपी-४३ नावाचे एकच प्रथिन या दोन्ही विकारांत पेशींत साठते, असे २००६ साली उघडकीस आले. म्हणजे ही दोन दुखणी एकाच कुळातली!

घरची माणसे म्हणतात, “यांना हल्ली आठवतच नाही.” बहुधा आठवण पुसलेली नसते, लक्ष टिकत नाही आणि हवी ती गोष्ट वेळेवर वर येत नाही. ‘क’ने सुरू होणारे शब्द मिनिटभरात सांगा म्हटले, तर दोन-चारांवर गाडी थांबते. आणि आमच्या तासाची गोष्ट ती पुढेच आहे. बाक आणि हॉजेस या संशोधकांना २००१ साली असे आढळले, की यातल्या काही रोग्यांना नामांपेक्षा क्रियापदे जड जातात. हालचाल हरपते तिथे हालचालीचा शब्दही अडावा, याला काय म्हणावे?

पण खरे दुःख शब्दांचे नाही, संसाराचे आहे. बायको तापाने फणफणलेली आणि नवरा साधी चौकशी करीत नाही. एकच हट्ट धरून बसतो. तिला वाटते, माणूस निष्ठुर झाला. तीस वर्षांच्या सोबतीवर असा डाग पडू देऊ नये. ही माया आटलेली नसते, मेंदू आजारी असतो. हे वेळीच डॉक्टरांना सांगावे. हात आणि जीभ मंदावली आहे हे जमेस धरून विचारशक्ती तपासण्याची एक चाचणी एडिंबरो येथे तयार झाली आहे. शिवाय रात्री श्वास अपुरा पडल्यानेही दिवसा लक्ष लागत नाही. त्यावर श्वासाच्या यंत्राचा उपाय आहे. मूळ रोग अजून बरा होत नाही. म्हणून मृत्युपत्र, बँकेचे व्यवहार, उपचारांविषयीची इच्छा हे सारे रोग्याला नीट सांगता येते आहे तोवरच उरकावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराला सवड द्यावी.

आणि दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. वाचा बसली म्हणजे समज गेली, असे धरून त्याच्या खाटेपाशीच त्याच्याविषयी बोलू नये. तो बहुधा सारे ऐकत असतो.